उबेचा राखणदार

२२ जानेवारी १९६२ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत किमान तापमान ७.४ अंश सेल्सिअस इतके नोंदले गेले. त्या वेधशाळेच्या नोंदींत याहून खालचा आकडा आजवर आलेला नाही. त्याच दिवशी कुलाब्याच्या वेधशाळेत मात्र पारा ११.७ अंशांवर थांबला. शहर एकच, दिवस एकच, आणि दोन ठिकाणच्या थंडीत चार अंशांहून अधिक अंतर! याचे कारण समुद्र होय. पाणी सावकाश तापते आणि सावकाश निवते. एक शेर पाणी एक अंशाने तापविण्यास जेवढी उष्णता लागते, तेवढ्या उष्णतेत सुमारे पाच शेर दगडमाती एक अंशाने तापते. कुलाब्याच्या तिन्ही बाजूंस पाणी आहे. दिवसा साठविलेली ऊब समुद्र रात्रभर थोडीथोडी परत देत असतो; म्हणून त्याच्या काठची वस्ती एकाएकी गारठत नाही. सांताक्रूझ त्या मानाने जमिनीकडे सरकलेले आहे. उत्तरेकडून व पूर्वेकडून येणारा रात्रीचा कोरडा वारा तेथे अधिक बोचतो.

कुलाबा आणि सांताक्रूझ यांच्या दरम्यान लोअर परळ हा भाग लागतो. पश्चिमेस वरळीचा समुद्र फार दूर नाही. एरवी मुंबईची थंडी ती काय! निफाडचा किंवा महाबळेश्वरचा पाहुणा तिला हसतो. जानेवारीत रात्रीचे तापमान सोळा-सतरा अंशांपर्यंत उतरले, की मुंबईकर कपाटातून शाल बाहेर काढतो. तथापि ज्या घरात गरम कपडे बेताचेच असत, ज्या घरातील कर्त्या माणसास पहाटे उठून कामावर जावे लागे, आणि ज्या घरात एखादे तान्हे मूल किंवा थकलेले म्हातारे माणूस असे, त्या घरास एवढी थंडीही पुरेशी होती. त्या घरांत चूल होती, परंतु खोली तापविण्याचे कोणतेही यंत्र नव्हते. मग ती उबदार कशी राहत?

लोअर परळ हा गिरणगावाचा एक भाग. तेथील ना. म. जोशी मार्गावर बी. डी. डी. चाळींच्या बत्तीस इमारती होत्या. ‘बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट’ या सरकारी खात्याने १९२० नंतरच्या दशकात त्या बांधल्या. आता त्यांच्या जागी उंच इमारती उभारण्याचे काम चालू आहे. प्रत्येक चाळीला तळमजला आणि वर तीन मजले. मधून लांब बोळ आणि दोन्ही बाजूंस खोल्या. एकेक खोली सुमारे १६० चौरस फुटांची. एवढ्या जागेत स्वयंपाक, अभ्यास, पाहुणचार आणि झोप ही सारी चालत. काही खोल्यांत तर गावाकडून एकटे आलेले दहा-पंधरा कामगार मिळून राहत. गिरण्या तीन पाळ्यांत चालत आणि माणसेही पाळीपाळीने झोपत. रातपाळीचा कामगार परतला, की दिवसपाळीच्या कामगाराने नुकतेच सोडलेले अंथरूण त्याला मिळे. त्या अंथरुणास निवण्यास सवडच नसे.

या गोष्टीतच वरील प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे. मनुष्याचे शरीर ही एक लहानशी भट्टी आहे. खाल्लेल्या अन्नाचे शरीरात मंद ज्वलन होते आणि त्यातून उष्णता निर्माण होते. स्वस्थ बसलेला प्रौढ मनुष्य सुमारे १०० वॅट उष्णता बाहेर टाकतो. पूर्वी घरोघरी जे १०० वॅटचे काचेचे दिवे असत, तसा एक दिवा सतत पेटत ठेवावा, इतकी ही उष्णता होय. लहानशा खोलीत सहा माणसे झोपली, तर तेथे चार-पाच दिवे रात्रभर मंदपणे जळत असल्यासारखेच झाले. उन्हाळ्यात हीच उष्णता नकोशी होई आणि माणसे उशी घेऊन गच्चीवर किंवा रस्त्याच्या कडेला झोपावयास जात. हिवाळ्यात मात्र दाटीची कुरकुर थोडी कमी होई.

उरलेले अर्धे उत्तर गोधडीत आहे. झिजलेली लुगडी, विरलेली धोतरे आणि उसवलेली पोलकी यांचे थर एकावर एक अंथरून त्यांवर धावदोऱ्याचे जवळजवळ टाके घातले, की गोधडी तयार होते. तिलाच देशावर वाकळ म्हणतात. साताऱ्याकडून, कोल्हापुराकडून आणि कोकणातून आलेल्या बायकांनी ही विद्या आपल्याबरोबर गिरणगावात आणली. अशा एखाद्या घरी रात्री घडणारे संभाषण सहज कल्पिता येते. नातू गार अंथरुणात शिरताना कुरकुर करतो, “आजी, ही गोधडी गरम नाहीच मुळी!” त्यावर आजी म्हणते, “अरे, ती कुठली गरम असायला? तू आत शीर, पाय पोटाशी घे, मग होईल गरम.”

आजीने पदार्थविज्ञानाचा ग्रंथ वाचलेला नसतो, परंतु तिचे बोलणे शास्त्रास धरून आहे. गोधडी स्वतः उष्णता निर्माण करीत नाही. तिच्या थराथरांत हवा अडकून राहते आणि अडकलेली, स्थिर हवा ही उष्णतेची फार मंद वाहक असते. शरीराची उष्णता बाहेर निसटू पाहते, ती या हवेच्या थरांपाशी अडते. म्हणून एका जाड चादरीपेक्षा दोन पातळ चादरी पुष्कळदा अधिक ऊब देतात. दोहोंच्या मध्ये हवेचा एक थर फुकट मिळतो. घोंगडीच्या लोकरीत आणि रजईच्या कापसात हीच युक्ती आहे. कापूस दबून गठ्ठे झाले, म्हणजे पिंजारी तो पुन्हा पिंजून देतो. तो कापसात नवे काही घालीत नाही, हवेला तेवढी जागा करून देतो. अंगाखालची गोधडी भाराने दबते, तिच्यातील हवा निघून जाते आणि फरशीचा गारवा पाठीस लागतो. म्हणून पांघरुणाइतकीच अंथरुणाची काळजी घ्यावी लागते. हे न कळल्यामुळे कित्येक जण दोन चादरी अंगावर घेतात आणि खाली नुसत्या चटईवर कुडकुडत पडतात.

फरशी खरोखरच गार असते काय? थंडीच्या सकाळी खिडकीचा लोखंडी गज एका हाताने आणि तिची लाकडी चौकट दुसऱ्या हाताने धरून पाहावी. गज पुष्कळ अधिक थंड लागतो. परंतु रात्रभर एकाच हवेत असल्यामुळे दोहोंचे तापमान सारखेच असते! लोखंड हाताची उष्णता झपाट्याने ओढून घेते, लाकूड ती सावकाश घेते. ‘थंड लागते’ याचा अर्थ पुष्कळदा ‘आपली उष्णता लवकर जाते’ एवढाच असतो.

उष्णता कमी-अधिक होत असली, तरी निरोगी मनुष्याच्या शरीराचे तापमान बाराही महिने ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास राहते. वैशाखात घामाच्या धारा लागोत की पौषात दात वाजोत, आतला पारा फारसा हालत नाही. हे आपोआप घडत नाही. मेंदूच्या तळाशी बदामाएवढा एक भाग आहे. त्यास हायपोथॅलॅमस म्हणतात. रक्ताची उष्णता किती आहे आणि त्वचा काय कळविते आहे, याची वर्दी त्याच्याकडे अखंड जात असते. तापमान थोडे उतरले, की तो त्वचेतील रक्तवाहिन्या आकुंचित करतो. ऊबदार रक्त शरीराच्या गाभ्याकडे राखले जाते आणि हातापायांची बोटे गार पडतात. तेवढ्याने भागले नाही, तर स्नायूंना थरथरण्याची आज्ञा होते. कुडकुडणे ही दुर्बळपणाची खूण नव्हे. कुडकुडताना स्नायू काम करतात आणि त्यामुळे अधिक उष्णता निर्माण होते. तापमान वर चढू लागले, म्हणजे याच्या उलट घडते. रक्तवाहिन्या रुंदावतात, घाम सुटतो आणि तो वाळताना अंगातील उष्णता घेऊन जातो.

पाहणे, ताडणे आणि हालचाल करणे ही तीन कामे जो करतो, तो उबेचा राखणदार होय. मेंदूतला राखणदार निसर्गाने दिला. तसाच एक राखणदार माणसाने धातूचा घडविला आणि गंमत अशी, की त्याचा जन्म गिरणीच्या गरजेतून झाला.

सूत काढणे आणि कापड विणणे या कामांत हवेला मोठे महत्त्व आहे. कापसाचा धागा कोरड्या हवेत ठिसूळ होतो व वारंवार तुटतो. ओलसर हवेत तो अधिक बळकट राहतो. यासाठी लोअर परळच्या गिरण्यांतील विणकाम खात्यात हवा मुद्दाम दमट ठेवीत. पाण्याचे बारीक तुषार सोडीत. भिंतीवर दोन तापमापक शेजारी शेजारी टांगलेले असत. एकाचा फुगा कोरडा आणि दुसऱ्याच्या फुग्याभोवती ओले फडके. हवा कोरडी असेल, तर फडक्यातील पाणी भराभर उडून जाते आणि ओला पारा पुष्कळ खाली उतरतो. हवा दमट असेल, तर दोन्ही आकडे जवळजवळ येतात. या दोन आकड्यांतील अंतरावरून हवेतील ओलावा समजतो. तो माणसास सोसवेल एवढाच असावा, म्हणून १९४८ च्या कारखाने कायद्यात कृत्रिम दमटपणासंबंधी स्वतंत्र कलम घालण्यात आले. धाग्याला जी हवा मानवते, ती मागापाशी उभ्या असलेल्या माणसालाही मानवतेच असे नाही. दमट हवेत घाम वाळत नाही आणि घाम वाळला नाही, तर अंग निवत नाही. हिवाळ्यातही त्या खात्यातील माणूस घामाने थबथबलेला असे. पाळी संपून तो पहाटेच्या वाऱ्यात बाहेर पडला, म्हणजे तोच ओला सदरा झपाट्याने वाळू लागे आणि अंगातील ऊब घेऊन जाई. फाटकापासून चाळीपर्यंतची दहा मिनिटांची वाट त्यास सर्वांत थंड वाटत असेल, तर त्यात नवल नाही. कोरडा सदरा आणि मफलर बरोबर नेण्यात शहाणपण होते.

स्कॉटलंडमधील अँड्र्यू यूर या रसायनशास्त्रज्ञाच्या काळी ब्रिटनमध्ये कापडगिरण्यांची भरभराट चालली होती. गिरणीतील उष्णता कमी-जास्त झाली, की मालात दोष येई. कोणी माणूस तापमापकाकडे दिवसभर पाहत बसला, तरी त्याची नजर चुके. यूरने १८३० साली यावर एक उपकरण योजले आणि त्यास ‘थर्मोस्टॅट’ असे नाव दिले. ‘थर्मो’ म्हणजे उष्ण आणि ‘स्टॅट’ म्हणजे स्थिर, असे त्या ग्रीक शब्दांचे अर्थ आहेत. मराठीत त्यास तापनियामक म्हणता येईल.

त्याची रचना अतिशय साधी आहे. पितळ आणि लोखंड ही दोन्ही उष्णतेने प्रसरण पावतात, परंतु पितळ सुमारे दीडपट अधिक वाढते. या दोन धातूंच्या पातळ पट्ट्या एकमेकींस पाठीला पाठ लावून घट्ट जोडल्या, तर तापविल्यावर काय होईल? पितळ लांब होऊ पाहील आणि लोखंड त्यास तितके वाढू देणार नाही. या ओढाताणीत जोडपट्टी लोखंडाच्या बाजूस वाकेल. निवाली, की पुन्हा सरळ होईल. अशा वाकणाऱ्या पट्टीच्या टोकाने एखादी झडप उघडते-मिटते किंवा विजेची जोडणी तुटते-जुळते. पट्टी स्वतःच पाहते, स्वतःच ताडते आणि स्वतःच हालचाल करते.

तापनियामक पाहण्यासाठी दूर जावयास नको. विजेच्या इस्त्रीने कपडे करीत असताना मधूनच ‘टक्’ असा आवाज येतो आणि तांबडा दिवा विझतो. आतली जोडपट्टी वाकली आणि तिने वीज तोडली, असा त्या आवाजाचा अर्थ. थोड्या वेळाने पुन्हा ‘टक्’ होते आणि दिवा लागतो. रेशमी, लोकरी, सुती असे लिहिलेली जी चकती इस्त्रीवर असते, ती फिरविल्याने पट्टीने किती तापल्यावर वीज तोडावी एवढेच ठरते. स्नानाचे पाणी तापविणाऱ्या विजेच्या बंबातही असाच राखणदार बसविलेला असतो. तांब्याच्या जुन्या बंबात तो नव्हता; तेथे ढलप्या घालणारी आई हाच राखणदार होता आणि पहिल्यांदा स्नान करणाराचे पाणी कढत व शेवटच्याचे कोमट, अशी रीत होती.

थंड देशांत हिवाळ्यात बर्फ पडते. तेथे गोधडीने भागत नाही. सबंध घर तापवावे लागते. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात व्हाइटवॉटर नावाचे गाव आहे. तेथील शिक्षक-विद्यालयात वॉरन जॉन्सन हे अध्यापक होते. तळघरात मोठी भट्टी होती आणि तिची ऊब वर्गावर्गांत जाई. वर्गात किती ऊब आहे, हे पाहण्यासाठी शाळेचा शिपाई तास चालू असतानाच दार उघडून आत येई, तापमापक वाचून जाई आणि मग तळघरात जाऊन भट्टीची झडप कमी-अधिक करी. दार उघडताच मुलांचे लक्ष उडे, शिवाय थंड वाराही आत शिरे. जॉन्सन यांनी या उपद्रवावर विचार केला आणि १८८३ साली एका विद्युत्-उपकरणाचे पेटंट मिळविले. वर्गातील तापमान ठरलेल्या मर्यादेबाहेर गेले, की तळघरात घंटा वाजे. शिपायाचे वर्गात येणे थांबले. पुढे घंटा आणि शिपाई ही दोन्ही मध्यस्थ मंडळी दूर झाली आणि भिंतीवरील पेटी थेट भट्टीला आज्ञा देऊ लागली.

गिरणगावातील कुटुंबांतली मुले पुढे शिकली आणि त्यांतील कित्येक इंग्लंड-अमेरिकेत, कॅनडात नोकरीस गेली. मुंबईहून गेलेल्या माणसाच्या हातून तेथे पहिल्या हिवाळ्यात एक चूक सहज घडते. बाहेरून गारठून आल्यावर तो भिंतीवरील पेटीचा आकडा एकदम ३० वर नेतो. घर लवकर तापेल, असे त्यास वाटते. चुलीची आच मोठी केली, की पाणी लवकर उकळते. मग येथे निराळे का व्हावे? परंतु पेटीवरचा आकडा ही आच नव्हे. तो मुक्कामाचे ठिकाण आहे. साध्या भट्टीची धग एकच असते. आकडा २० असो की ३०, घर विसावर पोहोचावयास तितकाच वेळ लागतो. फरक एवढाच, की ३० सांगितले असता भट्टी २० वर थांबत नाही. तास-दोन तासांनी घरातील माणसे घामाघूम होतात आणि खिडक्या उघडतात. महिनाअखेर इंधनाचे देयक येते, तेव्हा उरलेला धडाही मिळतो.

हीच चूक उलट्या बाजूने लोअर परळमध्येही घडते. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा मोठा संप सुरू झाला. त्यात सुमारे अडीच लाख कामगार उतरले होते. संपानंतरच्या काळात गिरण्या एकेक करून बंद पडल्या आणि त्यांच्या जागेवर कचेऱ्या व दुकाने उभी राहिली. १९०५ साली स्थापन झालेल्या फिनिक्स मिलच्या आवारात आज मोठा बाजार आहे. जेथे हवा मुद्दाम दमट व उबदार ठेवीत, तेथे ती आता यंत्राने थंड व कोरडी ठेवतात. बाहेरून उकडून आलेला मनुष्य वातानुकूलन यंत्राचा आकडा १८ वर नेतो आणि अर्ध्या तासाने अंगावर जाकीट चढवितो! घरगुती वातानुकूलन यंत्रे कारखान्यातून निघताना २४ अंशांवरच लावलेली असावीत, असा नियम भारतात १ जानेवारी २०२० पासून लागू झाला आहे. आकडा एका अंशाने वर ठेवला, तर सुमारे सहा टक्के वीज वाचते, असा ऊर्जा दक्षता ब्युरोचा अंदाज आहे.

घर तापविणाऱ्यांनी आकडा किती ठेवावा? थंड हवेच्या देशांत घरातील तापमान निदान १८ अंश असावे, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली सुचविले. घरात तान्ही मुले, वृद्ध किंवा आजारी माणसे असल्यास ते याहून अधिक लागते. १९७७ च्या कडक हिवाळ्यात अमेरिकेत इंधनवायूचा तुटवडा पडला होता. त्या वर्षी २ फेब्रुवारीस राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर लोकरीचा स्वेटर घालून शेकोटीपाशी बसले आणि दूरचित्रवाणीवरून त्यांनी लोकांस विनंती केली, की घरातील तापमान दिवसा ६५ आणि रात्री ५५ अंश फॅरनहाइट ठेवावे. सेल्सिअसमध्ये हे आकडे सुमारे १८ आणि १३ होतात. राष्ट्राध्यक्षाने स्वेटर घालून भाषण करावे, याची पुष्कळ थट्टा झाली. परंतु ज्यास पांघरुणाचे शास्त्र ठाऊक आहे, त्यास त्यात हसण्यासारखे काही दिसणार नाही.

रात्री आकडा उतरविल्याने इंधन वाचते, यावर कित्येकांचा विश्वास बसत नाही. सकाळी घर पुन्हा तापवावे लागणारच, मग वाचले काय, असे ते विचारतात. बुडाजवळ बारीक छिद्र पडलेला हंडा डोळ्यांपुढे आणावा. हंडा काठोकाठ भरला असेल, तर छिद्रातून जोराची धार लागते. अर्धा भरला असेल, तर धार मंदावते. तापविलेले घर हे असेच गळके भांडे आहे. आत आणि बाहेर यांच्या तापमानातील अंतर जितके अधिक, तितकी उष्णता भिंतींतून व फटींतून वेगाने गळते. रात्रभर अंतर कमी राहिले, तर रात्रभर गळती कमी होते. सकाळी भरावे लागते ते थोडेसे. वाया जाण्याचे वाचते ते पुष्कळ.

जेथे राखणदार नाही, तेथे ऊब घातही करू शकते. थंडीच्या दिवसांत खोलीत कोळशाची शेगडी पेटवून, दारे-खिडक्या घट्ट लावून झोपलेली माणसे सकाळी उठलीच नाहीत, अशा बातम्या उत्तर हिंदुस्थानातून हिवाळ्यात वरचेवर येतात. कोळसा मोकळ्या हवेत नीट जळतो. बंद खोलीत प्राणवायू अपुरा पडतो आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातील ज्या द्रव्याने प्राणवायू वाहून न्यावयाचा, त्यासच तो प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पटीने घट्ट चिकटतो. प्रथम डोके दुखते, मग गुंगी येते, आणि गुंगीतला मनुष्य उठून दार उघडू शकत नाही. धूर दिसत नाही म्हणून धोका नाही, असे समजणे चुकीचे आहे. धगधगीत, बिनधुराचे निखारेही हा वायू देतात. शेगडीवर हात शेकावयाचे, ते सज्जात किंवा उघड्या दाराशी बसून. ज्या खोलीत झोपावयाचे, तेथे जळती शेगडी, पेटता स्टोव्ह किंवा निखाऱ्याचे घमेले कधीही ठेवावयाचे नाही. डोके दुखू लागले किंवा गरगरू लागले, तर सर्वांनी ताबडतोब मोकळ्या हवेत यावे, एवढे घरातील लहान मुलासही ठाऊक असले पाहिजे.

ज्यांच्या शरीरातील राखणदार अजून पुरता जागा झालेला नसतो, असेही काही जीव असतात. नुकतेच जन्मलेले बालक मोठ्या माणसासारखे कुडकुडत नाही. त्याचे वजन थोडे आणि त्या मानाने त्वचेचे क्षेत्रफळ अधिक. त्यामुळे त्याची ऊब झरझर निघून जाते. मूल दिवस भरण्यापूर्वी जन्मले असेल, तर त्याच्या अंगावर चरबीचा थरही पुरेसा नसतो. मोठ्या माणसास जी हवा सुखकर, तीत हे बालक गारठू शकते. परळ येथे १९२६ साली स्थापन झालेल्या नौरोजी वाडिया प्रसूतिगृहासारख्या रुग्णालयांत अशा बालकांसाठी काचेच्या उबदार पेट्या असतात. बालकाचे तापमान साडेछत्तीस ते साडेसदतीस अंशांमध्ये राहावे, एवढ्यासाठी त्या पेटीतील तापनियामक अहोरात्र जागा असतो. थर्मोस्टॅट या उपकरणाचे लोअर परळच्या आसपास याहून मोलाचे काम दुसरे कोणते असेल!

परंतु सर्वच बालके रुग्णालयाजवळ जन्मत नाहीत. याच महाराष्ट्राच्या पूर्व टोकास गडचिरोली जिल्हा आहे. तेथील जंगलातील हिवाळा मुंबईपेक्षा पुष्कळ कडक असतो. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली तेथे ‘सर्च’ ही संस्था स्थापन केली. नवजात बालके मोठ्या संख्येने दगावतात आणि ती बहुधा घरीच दगावतात, असे त्यांस आढळून आले. तेव्हा त्यांनी ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांना शिक्षण देऊन आरोग्यदूत नेमले. बाळास कोरडे पुसणे, टोपरे घालणे, आईच्या अंगाशी धरणे, ऊबदार पिशवीत निजविणे, वेळेवर अंगावर पाजणे, श्वासाकडे लक्ष ठेवणे आणि जंतुदोष ओळखून औषध देणे, ही कामे त्या घरोघर जाऊन करू लागल्या. या प्रयत्नाने नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचा निष्कर्ष १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. सारे श्रेय उबेचे नव्हे. परंतु उबेवाचून बाकीचे उपाय लंगडे पडले असते.

तापमापक जवळ नसला, तरी बाळ गारठले आहे की नाही हे ओळखण्याची एक रीत आहे. प्रथम हात चोळून ऊबदार करावे आणि हाताच्या मागच्या बाजूने बाळाचे पोट आणि तळपाय यांस स्पर्श करावा. दोन्ही उबदार लागले, तर बाळ सुखात आहे. पोट उबदार पण पाय गार असतील, तर ऊब कमी पडू लागली आहे; बाळास उघड्या अंगाने आईच्या छातीशी घेऊन वरून पांघरूण घालावे. पोट आणि पाय दोन्ही गार असतील, तर बाळास तसेच छातीशी धरून विनाविलंब दवाखाना गाठला पाहिजे.

आजी ही रीत कोणाकडून शिकलेली नसते. मध्यरात्री कधीतरी ती उठते, अंधारातच चाचपून नातवाच्या पायांना हात लावून पाहते, लोटून दिलेली गोधडी त्याच्या गळ्यापर्यंत ओढते, आणि तिचा पायाकडचा काठ त्याच्या टाचांखाली दुमडून पुन्हा आडवी होते.